गोव्याची गाडी हाय, भावा

रविवार, रात्र

परवा दसरा झाला, खंडेनवमीला मशिनींच्या बरोबर गाडीची पण पूजा झाली, आणि हार काढायच्या आधीच आज पेट्रोल भरायला म्हणून बाहेर काढली. पाच मिनिटांचं काम होतं, अर्धा तास गेला. नेहमीचंच आहे ते, पण पंपावर एका पोरानं जे तोंड केलं ते डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसलोय.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. लाल, दोनच सीटची, वरचं हूड कापडी, आणि इतकी ठेंगणी की सिग्नलला शेजारी बुलेट थांबली की माझ्या डोळ्यासमोर त्याचं सायलेन्सर येतं. 1998 च्या सुमाराला बाजारात आली ही, गोव्यात बनायची, बॉडी पूर्ण फायबरची, पुढं रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन, साठेक हॉर्सपॉवरचं. फार थोड्या निघाल्या आणि कोल्हापुरात तरी मी दुसरी बघितली नाही. माझी मी गोव्यातनंच घेतली आणि आंबोली घाट चढून, आजऱ्यावरनं स्वतः चालवत आणली.

लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, कितीला बसली. दुसरा, ॲव्हरेज काय देती. तिसरा, कुठल्या देशाची. आणि सगळं या तिसऱ्यावर ठरतं.

आजचं ते पोरगं कॉलेजचं असावं. लांबनंच पळत आलं, मोबाईल काढून सगळीकडनं फोटो मारले, बोनेटवर हात फिरवला, मला म्हणालं, काका नादखुळा गाडी, इटलीची का? म्हटलं नाही, गोव्याची. तर त्याचा चेहराच उतरला. "हां, मग आपलीच की" म्हणालं आणि मोबाईल खिशात घालून गेलं पण. गाडी तीच, रंग तोच, दोन मिनिटापूर्वी ज्या बोनेटवर हात फिरवत होतं ते पण तेच. फक्त गावाचं नाव बदललं आणि त्याच्या लेखी गाडीची किंमत निम्म्यावर आली. मला राग नाही आला, वाईट वाटलं, आणि ते त्याच्यासाठी वाटलं.

कारण ह्याच गावात उलटं पण बघतो मी. माझा वर्कशॉप उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, तिथं गाडी लावली की दुपारच्या चहाला आजूबाजूच्या शेडमधली माणसं येतात, लेथवरचे टर्नर, ओतकामाचे साचे भरणारे मोल्डर, त्या साच्यांचे नमुने करणारे पॅटर्नवाले, आणि त्यांना गोव्याची म्हटलं की त्यांचा इंटरेस्ट तिथनं पुढं चालू होतो. म्हणजे कुणी बनवली, साचा कसा केला असंल, दार एकाच तुकड्यात काढलंय का जोडलंय. एकानं तर माप घ्यायचा डायल लावायचा मॅग्नेटिक स्टँड आणून दाराला टेकवला, फायबरला लोहचुंबक कुठला चिकटतोय, चिकटंना म्हटल्यावर पोरगं हरखलं आणि मग सगळ्या गाडीला लावून बघितला.

मागच्या महिन्यात एक म्हातारे मोल्डर आलेले, आयुष्य शिरोलीच्या फौंड्रीत गेलेलं. त्यांनी किंमत नाही विचारली, ॲव्हरेज नाही विचारलं. खाली वाकून मडगार्डच्या आतनं हात घातला, बोटाच्या पेरानं टकटक करत पुढपर्यंत गेले आणि म्हणाले, "हाताचं काम हाय हे. हितं थर जाड पडलाय, तिथं पातळ." बरोबर होतं ते. फायबरची बॉडी अशीच करतात, साच्याला आधी जेलकोट, म्हणजे बाहेरनं दिसणारा गुळगुळीत थर मारायचा, त्यावर काचेच्या धाग्याची मॅट, वर रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारा चिकट रस, मग रोलर फिरवून आतली हवा काढायची, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन, आणि वाळलं की साच्यातनं सोडवायचं. पत्र्याची बॉडी करायची तर प्रेस लागतात, डाय लागतात, त्याचा खर्च इतका की हजारो गाड्या निघाल्याशिवाय वसूल होत नाही, म्हणून थोड्या गाड्या काढणारा माणूस फायबरकडं जातो. म्हणजे त्या मडगार्डच्या आत कुणाचातरी हात फिरलाय, कुणीतरी गोव्याच्या उकाड्यात रेझिनच्या वासात उभं राहून तो रोलर फिरवलाय. आजोबांना ते बोटाला कळलं. मला इतकी वर्षं गाडी वापरून इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

आणि म्हणून त्या पंपावरच्या पोराला हाक मारून सांगावंसं वाटत होतं, की अरे ज्याला तू बाहेरची गाडी म्हणतोस तिच्या पोटात काय काय असतं ते विचार की एकदा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतनं कितीतरी गाड्यांची कास्टिंगं जातात, देशात पण आणि बाहेर पण. इथं रात्रपाळीला भट्टीवर उभारलेला माणूस तुझ्या गल्लीत राहत असंल. त्याच्या हातची वस्तू कुठल्यातरी मोठ्या नावाखाली गेली की भारी आणि गोव्यात बनलेली अख्खी गाडी आपल्या नावानं उभी राहिली की आपलीच की? हे मला पटत नाही, अजिबात नाही.

गाड्यांकडं बघायची तर या गावाला सवय आहे. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघाली की दसरा चौकात लोकं सोनं लुटायच्या आधी गाडी बघायला मान उंच करतात, मी पण लहानपणी वडलांच्या खांद्यावर बसून बघितलीय. ती जर्मनीची, राजाराम महाराजांच्या काळातली, आणि तिला अजून चालती ठेवलीय ह्याचं मला जास्त कौतुक आहे. कारण जुनी गाडी चालू ठेवणं म्हणजे काय ते आता कळतंय. माझ्या गाडीचं इंजिन युरोपात रेनॉच्या ट्विंगो, क्लिओला पण होतं त्यामुळं आतले पार्ट मागवता तरी येतात, पण दाराचे बिजागर, काचेचं रबर, हूडचे खटके, असलं काही कुठं मिळत नाही. ते सगळं उद्यमनगरात बनतं. नमुना टेबलावर ठेवायचा, व्हर्नियरनं माप घ्यायचं, लेथवर चढवायचं. शिवाय 15 वर्षं उलटलेली गाडी म्हणून दर 5 वर्षांनी पासिंग करून घ्यायला लागतं, पर्यावरण कर वेगळा.

घरी बायको म्हणती, लोकं हात लावत्यात, पोरं दारावर टेकत्यात, शेडमधे झाकून ठेव की. तिचं चुकीचं नाही, रंकाळ्यावर एकदा आम्ही भेळ खाईपर्यंत कुणीतरी लहान पोराला थेट बोनेटवर बसवून फोटो काढलेला आणि ते बघून तिचा जीव वर आलेला. पण मला झाकवत नाही. माझ्याकडं कोण बघत नाही हे मला पहिल्या महिन्यातच कळलंय, लोकं गाडीकडं बघतात, आणि ते बघणं मला आवडतं. लहान पोरगं आत बसू का म्हटलं की मी बसवतो, स्टेअरिंग धरू देतो, हॉर्न वाजवू देतो. आणि त्याच्या आईबापानं विचारायच्या आधी मीच सांगतो, गोव्याची आहे. काही जणांचं तोंड पडतं, पडू दे. काही जण खाली वाकतात.

डाव्या दाराचा बिजागर खाली बसलाय, दार उचलून लावायला लागतंय. त्या मोल्डर आजोबांचा नातू गोकुळ शिरगावला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर आहे, त्याला बिजागराच्या खिळीभोवती बसणारा गनमेटलचा, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचा बुश करायला दिलाय, गुरुवारी सुट्टीला येऊन तो स्वतःच बसवणार म्हणतोय. आजोबांना पण घेऊन ये म्हणून सांगितलंय, आणि ह्या वेळी त्यांना नुसतं बघू देणार नाही, पन्हाळ्यापर्यंत नेऊन आणणार.