ममदापूरच्या माळावर सहा ठिपक्यांचा भुंगेरा

ममदापूरला लोक जातात ते काळविटांसाठी. येवला तालुक्यातलं हे संवर्धन राखीव क्षेत्र त्यांच्याचसाठी राखलंय. पण पहिले चांगले पाऊस होऊन गेले की तिथे दुर्बीण गळ्यातच राहू द्यावी आणि पायाखाली बघत चालावं. आम्ही जूनच्या शेवटी गेलो ते अँथिया सेक्सगुट्टाटासाठी, म्हणजे सहा ठिपक्यांच्या भुंगेऱ्यासाठी.

नाशिकहून निफाड, विंचूर, येवला आणि मग नांदगाव रस्त्याने राजापूर धरायचं. रेल्वेने येवल्यापर्यंत पोहोचता येतं, पण पुढे स्वतःचं वाहन हवंच.

राखीव क्षेत्रात अंधार पडेपर्यंत रेंगाळण्यात अर्थ नव्हता, म्हणून बाहेर आलो आणि गावाच्या कच्च्या रस्त्याने चालत निघालो. ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या कडेला मुरमाडीवर तो धावतच समोर आला. काळा कुळकुळीत, चार सेंटिमीटरच्या आसपास, छातीवर दोन आणि पाठीवर चार पांढरे टपोरे ठिपके. उडता येत नाही त्याला, पण पाय असे की बघत राहावं. लासलगावच्या कांदा मार्केटात वाट काढणाऱ्या हमालासारखा दगडगोट्यांतून सरळ निघाला होता. जबडा भक्कम, कारण हा शिकारी; दुसरे किडे हेच त्याचं खाणं.

मोबाइल घेऊन मी खाली वाकलो, तेवढ्यात शेळ्या घेऊन परतणारे एक बाबा ओरडले, "अहो साहेब, हात नका लावू त्याला! पिचकारी मारतंय ते. डोळ्यात गेलं तर लई आग व्हती."

बाबांचं म्हणणं शब्दशः खरं. पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींतून तो फॉर्मिक आम्ल फवारतो. त्यामुळे पाठीवरचे ठळक ठिपके नटण्यासाठी नाहीत, 'लांब राहा' अशी ती पाटी आहे. आफ्रिकेत याच्या भाऊबंदांचा इतका दरारा आहे की कलहारीतल्या एका सरड्याची काळी-पांढरी पिल्लं पाठीची कमान करून त्यांच्यासारखी चालतात. ह्यूई आणि पियांका या संशोधकांनी १९७७ साली हे प्रसिद्ध केलं. सरड्याने किड्याची नक्कल करावी, हे मला अजून पचलेलं नाही.

फोटो वरून काढू नका, नुसता काळा ठिपका येतो. तो धावतोय त्या दिशेला जरा पुढे जाऊन, बाजूने, फोन जमिनीलगत धरा आणि चेहरा मात्र लांब ठेवा. चष्मा असेल तर घाला. पाण्याची बाटली सोबत हवी. फवारा उडालाच तर डोळे चोळायचे नाहीत, भरपूर पाण्याने धुवायचे आणि डॉक्टर गाठायचा. अंधारात टॉर्चला लाल जिलेटिन लावलं तर किडे कमी बुजतात.

दगड उलटून शोधाशोध करू नका. एक तर तो आपणहून बाहेर पडतो, आणि दुसरं म्हणजे त्या माळावर फुरसं आहे. घोट्याच्या वर येणारे बूट हवेतच, चपलेवर जाणं निव्वळ वेडेपणा. बाटलीत भरून घरी आणायचा मोह काहींना होतो, कृपया नको.

परतताना गाडी हळू चालवा. हा भुंगेरा रस्ता पायी ओलांडतो, आणि आम्हाला दुसरा दिसला तो चाकाखाली आलेलाच.