रात्री झोपण्याचे घर आणि त्याची भिंत

लातूरच्या कडेला आम्ही घर बांधायला घेतले आहे आणि गेले चार महिने आमच्याकडे भिंतीवाचून दुसरा विषय नाही. वडिलांना ती भूकंपात टिकणारी हवी, आईला उन्हाळ्यात गार राहणारी हवी, आणि मिस्त्रींचे म्हणणे असे की नऊ इंची लाल विटेला पर्याय नाही. या तिन्ही अपेक्षांचा नीट विचार करताना जे समजले, ते घर बांधू पाहणाऱ्या आपल्या भागातील इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

माझे आजोळ औसा तालुक्यातले. तिथले घर पाच खणांचे होते. डबर आणि मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, तुळयांवर किलचन म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या आणि त्यावर हातभर पांढरी माती असलेले माळवद, उजेडासाठी छतात एक सवणे. मे महिन्याच्या दुपारी त्या घरात शिरले की अंगाची आग शांत होत असे. दगड उष्णता अडवतो असे आपण समजतो, परंतु ते खरे नाही. दगडातून उष्णता सहज जाते. मात्र भिंत एवढी जाड आणि जड असते की दुपारचे ऊन आतल्या बाजूपर्यंत पोहोचायला मध्यरात्र उजाडते. त्या वेळी घरात कोणी नसेच, कारण सगळे घर माळवदावर किंवा अंगणात झोपलेले असे. त्या भिंतीचा गारवा त्या राहणीशी जोडलेला होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरातील अशीच हजारो घरे भूकंपात झोपलेल्या माणसांवर कोसळली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर मातीने धरलेले होते. दोन्हींना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादऱ्यासरशी पदर एकमेकांपासून सुटले आणि माळवदाचा सारा भार खाली आला. भूकंपाचे बल इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून जड छप्पर तिथे घातक ठरले. ठरावीक अंतरावर आरपार दगड, सिमेंटचा माल आणि लिंटेलच्या, म्हणजे दारे-खिडक्यांच्या वरच्या कडेच्या, पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा असेल, तर दगडी घरही सुरक्षित बांधता येते. पण ज्यांनी ती पहाट पाहिली, त्यांना हे सांगत बसण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. वडिलांनी दगडाला नकार दिला आणि तो मी मान्य केला.

त्यानंतर सगळीकडे आलेले घर म्हणजे काँक्रीटचे कॉलम, विटांची भिंत आणि वर उघडा स्लॅब. हे घर रात्री तापते. पश्चिमेच्या नऊ इंची भिंतीवर चार वाजता पडलेले ऊन साधारण रात्री दहा-अकराला आत उतरते, नेमके आपण झोपायच्या वेळी, आणि आता आपण बाहेर झोपत नाही. म्हणून भिंत निवडताना आपण घरात कोणत्या वेळी असतो, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रात्री आत झोपणाऱ्याने उष्णता उशिरा सोडणाऱ्या भिंतीपेक्षा ती मुळातच कमी आत घेणारी भिंत बांधावी.

हे मोजण्याचे माप म्हणजे यू-मूल्य: भिंतीच्या दोन बाजूंच्या हवेच्या तापमानात एका अंशाचा फरक असता एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत येते, तो आकडा. गिलावा केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचे हे मूल्य २ च्या आसपास येते, तर आठ इंची एएसी ब्लॉकच्या (हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंतीचे सुमारे ०.८. बारा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत म्हणजे जवळपास ११ चौरस मीटर; बाहेरचे तापमान आतल्यापेक्षा १५ अंशांनी जास्त असेल, तर विटेतून सुमारे ३३० वॅट आणि ब्लॉकमधून १३० वॅट आत येतील. परळीच्या वीज केंद्राची राख आपल्याच भागात मिळत असल्याने राखेची वीट मलाही आवडली होती आणि तिच्यामुळे शेतातली सुपीक माती वाचते हेही खरे, परंतु उष्णतेच्या बाबतीत तिच्यात आणि लाल विटेत विशेष अंतर नाही. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली विटा उभ्या लावून आत पोकळी ठेवण्याची रॅट-ट्रॅप पद्धत जवळपास चतुर्थांश विटा वाचवते आणि भरीव भिंतीपेक्षा गारही राहते. मात्र ती हातात बसलेला गवंडी मला जवळपास सापडला नाही.

ब्लॉकच्या बाजूने आणखी दोन कारणे होती. तो विटेच्या जेमतेम एक-तृतीयांश वजनाचा असतो, त्यामुळे वडिलांची काळजी हलकी झाली. दुसरे कारण पाण्याचे. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे विटा भिजवायला आणि भिंतीवर आठवडाभर पाणी मारायला टँकर मागवणे मला पटत नव्हते. ब्लॉक पातळ थराच्या तयार मसाल्याने जोडला तर हे पाणी जवळजवळ लागतच नाही. त्याचे दोषही आहेत: जिथे ब्लॉक कॉलमला भिडतो तिथे जाळी न लावता गिलावा केला तर तडे जातात, आणि जड कपाट टांगायला साधा खिळा चालत नाही.

एकमजली घरात मात्र भिंतीपेक्षा छप्परच अधिक तापते. उघड्या स्लॅबचे यू-मूल्य ३ च्या वर असते; निवासी इमारतींसाठी २०१८ साली आलेल्या ऊर्जाबचतीच्या इको-निवास संहितेची छपरासाठीची मर्यादा १.२ आहे. म्हणून स्लॅबवर दाट फोमचे दोन इंची बोर्ड आणि त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर टाकायचे ठरवले आहे; पैसे कमी पडले तर घरातली फरशी साधी घेऊ, पण हा थर सोडणार नाही.

पश्चिमेची खिडकी अजून ठरायची आहे. मावळतीचा सूर्य खाली असल्यामुळे छज्जा तिथे उपयोगी पडत नाही. आई म्हणते, खिडकी लहान करा आणि समोर कडुलिंब लावा. खड्डा कालच खणला.