जुन्या निर्णयाचा हिशेब त्या दिवसाच्या भावाने

रुखरुख, हळहळ, खंत, पश्चात्ताप हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. जुन्या निर्णयाशी समेट करायचा असेल तर आधी ते वेगळे करावे लागतात. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं असेल तर तो पश्चात्ताप. शिक्षण अर्धवट सोडलं, नोकरी नाकारली, नातं तोडलं किंवा जोडलंच नाही, ही रुखरुख. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

रुखरुखीचा खटला नंतर हाती आलेल्या पुराव्यावर चालतो. निकाल कळला की तो आधीपासून दिसतच होता असं माणसाला वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. म्हणून कागदावर तीन रकाने आखा: निर्णयाच्या दिवशी काय माहीत होतं, तेव्हा कशाचा दबाव होता (पैसे, वय, आजारपण, घरची जबाबदारी), आणि नंतर काय कळलं. निव्वळ आठवणीवर विसंबू नका. जुने मेसेज, डायरी, पासबुक काढून बसा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे वाक्य त्या दिवशी लिहिता आलं असतं का? नसेल तर ते तिसऱ्या रकान्यात. ‘मला कळायला हवं होतं’ हे वाक्य हटकून पहिल्या रकान्यात घुसतं. त्याची जागा तिसऱ्यात.

माहीत असूनही डोळेझाक केली, असं काही पहिल्या रकान्यात उरतंच. ती खरी चूक. ती क्रियापदात लिहा: ‘न वाचता सही केली’. ‘मी मूर्ख’ असं लिहिलं की सुधारायला हाती काहीच राहत नाही.

न केलेल्या गोष्टी जास्त चिवट असतात. केलेल्या गोष्टी सुरुवातीला अधिक बोचतात, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्याच जास्त सलतात, असं थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांना १९९४ मध्ये आढळलं. घडलेल्याचे परिणाम मोजता येतात. न घडलेल्यात कल्पना हवं ते भरते. तेव्हा त्या दुसऱ्या आयुष्यातला एक साधा मंगळवार लिहून काढा: कामाचा कंटाळा, हप्ते आणि तिथल्या निदान तीन अडचणींसकट.

लिहिण्याला मर्यादा हवी. मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर आणि बील यांच्या, त्रासदायक अनुभवांविषयी लिहिण्याच्या १९८६ च्या प्रयोगात रोज १५ मिनिटं, सलग चार दिवस लिहायचं होतं. लिहून उठल्यावर मन आधी जड होतं, ते अपेक्षितच. झोपण्यापूर्वी मात्र लिहू नका. चौथ्या दिवशी पहिल्याच दिवसाची वाक्यं उतरत असतील तर तो रवंथ झाला, वही मिटा. झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी.

राहिला पश्चात्ताप. तिथे वही पुरत नाही. काय केलं ते नाव घेऊन सांगा, वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नका, काय भरून देऊ शकता ते सांगा आणि माफीचं उत्तर लगेच मागू नका. समोरच्याने संबंध नको म्हटलं असेल तर पत्र लिहा, पण पाठवू नका. आपलं ओझं हलकं करायला त्याचं दार पुन्हा ठोठावणं ही नवी आगळीक ठरते.