आधी क, मग वेलांटी

‘क ला पहिली वेलांटी कि.’ बाराखडी म्हणताना तोंडात आधी क येतो, मग वेलांटी. कागदावर मात्र ही बाई क च्या पुढ्यात, डाव्या अंगाला जाऊन बसते. वाचताना आपण तिला ओलांडून क गाठतो आणि परत मागे येऊन तिची इ उचलतो. इतक्या सवयीने, की यात काही उलटसुलट आहे हे जन्मात लक्षात येत नाही. रफाराची तऱ्हा याच्या नेमकी उलट. ‘अर्क’मधला र उच्चारायचा क च्या आधी, काढायचा क च्या डोक्यावर.

टाइपरायटर बिचारा डोळ्यांचा गुलाम होता. ‘दिवा’ उमटवायचा तर आधी वेलांटीची कळ, मग द. रफार अक्षर छापून झाल्यावर. जसं दिसतं तसं ठोकायचं. डीटीपीचा जमाना आला, यंत्रं बदलली, पण ही खोड तशीच राहिली. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. आपल्याला दिसे ‘मराठी’, आत साठवलेलं असे ई, जे, के, बी, एच. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की अग्रलेखापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळ्याची इंग्रजी खिचडी. ज्यांनी त्या काळात फाइली इकडून तिकडे पाठवल्या, त्यांना ‘आधी फॉन्ट पाठवा’ हे वाक्य अजून आठवत असेल.

आता युनिकोड आहे. त्यात प्रत्येक वर्णाला स्वतःचा आकडा असतो. क म्हणजे 2325. कॉम्प्युटरच्या पोटात तोही शेवटी शून्य आणि एक यांतच मोडतो, 100100010101 असा. पण तिथपर्यंत उतरायची गरज नाही. गंमत वरच्या मजल्यावरच आहे. ‘हार्दिक’ हा शब्द घ्या. तो साठवला जातो असा: 2361, 2366, 2352, 2381, 2342, 2367, 2325. म्हणजे ह, काना, र, हलन्त, द, वेलांटी, क. रफार नावाची वस्तूच इथे नाही. आहे तो साधा र, पाय मोडलेला, द च्या आधी. वेलांटी द च्या नंतर. तोंडातून आवाज ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने! त्यातून चित्र तयार करणं, र ला उचलून डोक्यावर ठेवणं, वेलांटीला पुढे ढकलणं, हे सगळं पडद्यावर दाखवताना होतं. बाराखडी म्हणणाऱ्या पोराचं ऐकून कुणीतरी हिशेब मांडावा, तसं हे झालं आहे.

आणि तो क्रम तरी कुठला? क, ख, ग, घ, ङ म्हणजे 2325 ते 2329. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. आपल्या पूर्वजांनी तोंडाच्या आत बोट फिरवून लावलेली वर्णमाला आकड्यांतही तशीच उतरली. ‘इस्की’ नावाचं भारतीय मानक आधी तयार झालं, आणि त्याच्या 1988 च्या आवृत्तीवरून युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता मांडला गेला. त्यात 128 जागा. पुढे बंगाली, गुरुमुखी, गुजराती करत मल्याळमपर्यंत प्रत्येकीला तेवढ्याच जागा, आणि प्रत्येकीत क चं पान त्याच ठिकाणी मांडलेलं, पंगतीत मांडावं तसं. देवनागरी क 2325, त्यात 128 मिळवा, बंगाली क. सात वेळा मिळवा, कन्नड क. आठ लिप्या शिकायला आयुष्य पुरणार नाही, पण बेरीज येत असेल तर क पर्यंत तरी पोचता येतं.

तक्रारीला जागा आहेच. आपला ळ वर्णमालेत ह च्या नंतर. तक्त्यात तो ल च्या शेजारी, 2355 वर. त्यामुळे नुसत्या आकड्यांनी लावलेल्या यादीत काळे कावळ्यांच्या आधी येतात. शाळेच्या तक्त्यावर शेवटच्या ओळीत ऐटीत बसणाऱ्या क्ष आणि ज्ञ यांना तर आकडाच नाही. क्ष म्हणजे क, हलन्त, ष. बऱ्याच ठिकाणी मागे खोडायची कळ दाबली की हे बिंग फुटतं: आधी ष जातो आणि लंगडा क् पडद्यावर ताटकळत उभा राहतो. ‘स्त्री’ डोळ्यांना एक अक्षर, आत सहा आकडे. ‘श्रीकृष्ण’ नऊ. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरं मावतात आणि मराठीत सहसा 70, तीही अशी मोजलेली.

कधीकधी पडद्यामागचा कारागीर कामावरच येत नाही. जुन्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की र वर चढत नाही, वेलांटी हलत नाही. मग चौकात वीस फुटी फ्लेक्स लागतो: ‘हार्‌दकि अभनिंदन’. लोक हसतात, कार्यकर्त्याच्या शुद्धलेखनाला नावं ठेवतात. त्याचा काही दोष नसतो. त्याने बरोबरच टाइप केलेलं असतं. कॉम्प्युटरच्या मनातला क्रम जसाच्या तसा छापला गेला, इतकंच. मला असा फ्लेक्स दिसला की थांबून बघावंसं वाटतं. शिवण उघडी पडलेली असते तिथे.

खरी पंचाईत होते ती दऱ्यांपाशी. समुद्र तो दर्या, डोंगरातल्या त्या दऱ्या. उच्चार वेगळा, अर्थ वेगळा, पण दोन्हींत र, हलन्त आणि य. हिंदीचं यावाचून काही अडत नाही, आपलं अडतं. पूर्वी मध्ये एक अदृश्य खूण घालून तो आडवा र मिळवत. दिसायला झकास, पण मजकूर इकडून तिकडे चिकटवताना ती खूण गळून पडली की दरीचा समुद्र. आता त्यासाठी 2353 क्रमांकाचा, खाली टिंब असलेला ऱ वापरतात. हा मुळात द्राविडी भाषांतला र देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेला. आपल्या वाऱ्याला, खऱ्याला, बिचाऱ्याला त्याच्याच घरी आसरा मिळाला. पण फोनवर तो शोधून काढायचे कष्ट सगळेच घेत नाहीत. ट्रेकिंगवरचा लेख तपासायला आला की मी आधी ‘दर्यां’ शोधतो, सह्याद्रीत किती समुद्र आहेत ते मोजतो आणि मग वाचायला बसतो.