हॅलो माईक टेस्टिंग, एक दोन तीन

आमच्या दारव्ह्याकडच्या गावात सध्या सप्ताह सुरू आहे. एक भोंगा मारुतीच्या देवळावर, दुसरा शाळेजवळच्या खांबावर, अन् मागं टेकडी, त्यामुळं वावरात उभं राह्यलं की महाराजांचं एकच वाक्य तीनदा येते अन् पहिलं संपाच्या आत दुसरं त्याच्यावर पडते. आवाज भरपूर आहे, पण शब्द कळत नाही.

मोबाईलच्या सिग्नलचं अगदी हेच होते. टॉवरची लहर थेट येते अन् टेकडीवर आपटूनबी येते. बटणवाल्या फोनचं 2जी घ्या, त्यात एक बिट (म्हणजे 0 नाहीतर 1) जेमतेम 3.7 मायक्रोसेकंदाचा, तेवढ्यात लहर 1.1 किलोमीटर जाते, म्हणजे वळसा घालून आलेली लहर सव्वादोन किलोमीटर जास्त फिरली की मागचा बिट दोन घरं पुढच्या बिटावर जाऊन बसला. हे निस्तरते फोनातला इक्वलायझर, म्हणजे एकावर एक पडलेले बिट वेगळे करणारी सोय.

कसं, तेच मला लय आवडते. भोंगेवाला भाऊ आधी काय म्हणते? "हॅलो माईक टेस्टिंग, एक दोन तीन". तो काय बोलणार हे अख्ख्या गावाला पाठ, म्हणून तर ऐकल्याबरोबर समजते का कुठं घुमून राह्यलं. 2जीतबी 148 बिटांच्या प्रत्येक तुकड्यात 26 बिट आधीच ठरलेले असतात, फोनला ते पाठ असतात, ते कसे बिघडून आले ते पाहून तो घुमारा मोजते अन् बाकीचे बिट सोडवते. अन् हे 26 बिट बरोबर मधात ठेवले, काहून तर चालत्या एसटीत घुमारा सारखा बदलते, मधात मोजलं की दोन्ही टोकं जवळ पडतात. किती बारीक विचार केला पाहा! टेलिफोनच्या तारेसाठी असा आपोआप जुळणारा इक्वलायझर अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतल्या रॉबर्ट लकींनी 1965 मध्येच मांडला होता.

फक्त एक आहे, घुमाऱ्यात सिग्नलची जी फ्रिक्वेन्सी (आवाजातल्या एखाद्या सुरासारखी) पारच बुडाली ती ताणून वर काढायला गेलं तर तिच्यासोबत खरखरबी वाढते, म्हणून चांगला इक्वलायझर थोडा घुमारा राहू देते.

काल भोंगेवाल्या भावानं विचारलं, मंग माह्या मशीनमधीच असं काही बसवता येईल का? म्हटलं भाऊ, पारावर बसलेल्याला घुमारा वेगळा, वावरातल्याला वेगळा, तू कोणाचा सुधारशील? म्हणूनच टॉवरकडून येणारा सिग्नल ज्याच्या त्याच्या हातातल्या फोनातच सुधारावा लागते.