शून्य सावली बघायला लेकरांना घेऊन नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात

नवतपा लागलेला, आर्वीकडचं ऊन म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको, आणि गावातली लेकरं घेऊन नागपूरला जायचं म्हटल्यावर घरोघरी एकच प्रश्न, म्याडम एवढ्या उन्हात काहून? तर जे बघायला चाललो होतो ते उन्हाशिवाय दिसतच नाही. 26 मेच्या आसपास नागपुरात दुपारी सूर्य अगदी बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली काही क्षण गायब होते, शून्य सावली म्हणतात त्याला, आणि गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात त्या दिवशी हे सगळ्यांना करून दाखवतात. मी हे जरा सविस्तर लिहितेय कारण आमच्या मागून इतर गावच्या शाळा, पालक जातील त्यांना उपयोग व्हावा.

जायचं कसं ते आधी. आम्ही आर्वीहून पहाटेची एष्टी धरली, तळेगाव, कारंजा, कोंढाळी करत गणेशपेठ स्टँड. तीन तास तरी धरून चला. बायकांना एष्टीत अर्धं तिकीट आहे, बारा वर्षांच्या आतल्या लेकरांना अर्धं आणि 75 च्या वरच्यांना फुकट, त्यामुळे आज्या सोबत आल्या तर त्यांना नाही म्हणू नका, सांभाळायला माणूस मिळतं. गणेशपेठपासून केंद्र जवळच आहे, पायी जाता येतं, पण मे महिन्यात लेकरं असतील तर सरळ ऑटो करा. रेल्वेने येणाऱ्यांनाही स्टेशनवरून लांब नाही, आणि मेट्रोचं कॉटन मार्केट स्टेशन त्याच भागात आहे. आमच्या पोट्ट्यांना मेट्रोत बसायचंच होतं म्हणून परतीला उगाच दोन स्टेशनं फिरवून आणलं, तो आनंद वेगळाच.

आता मुख्य गोष्ट. लवकर पोचलो म्हणून आधी आत न जाता बाहेर मोकळ्या जागेतच थांबलो, तिथे पांढऱ्या कागदावर पाइपचे तुकडे, डबे असं काय काय उभं करून ठेवलं होतं आणि केंद्रातले एक दादा मुलांना समजावत होते. मी लेकरांना घरून सरळ उभी राहील अशी एकेक वस्तू आणायला सांगितलं होतं. एकाने पाणी प्यायचा स्टीलचा गिलास पालथा ठेवला, दादा म्हणाले हा चालत नाही, हा वरती निमुळता आहे, याची सावली सूर्य डोक्यावर नसतानाही दिसणार नाही, तुला वाटेल झाली शून्य सावली. वरपासून खालपर्यंत सारखा असलेला डबा नाहीतर पाइप पाहिजे. मला स्वतःला हे फार आवडलं, कारण हा मुद्दा पुस्तकात कुठे वाचायला मिळत नाही, उभं करून बघितल्यावरच कळतो. आणि आमच्यातली एक पोरगी, बाप गवंडीकाम करतो तिचा, ती चक्क ओळंबा घेऊन आली होती. तिने तो पाइपाशेजारी धरला आणि एकदम म्हणाली, "दादा, हा वाकडा हाये थोडासा." दादांनी वाकून बघितलं, खरंच होता, मग तिनेच ओळंब्याने सगळे पाइप सरळ करून दिले. त्यानंतर ती दिवसभर तिथली माणूस असल्यासारखी वावरत होती.

बारा वाजले तसं पोरं आरडाओरडा करायला लागली, झाली झाली म्हणून, पण सावली तर दिसतच होती, बारीकशी. मग दादांनी विचारलं सूर्य डोक्यावर कधी येतो, सगळे म्हणाले रोज बाराला. मोठी माणसंसुद्धा हेच म्हणाली बरं का. तर तसं नसतं. सूर्य वर्षभर विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेपासून साडेतेवीस अंश उत्तरेपर्यंत सरकतो आणि परत येतो, आपलं नागपूर 21 अंशांच्या थोडं वर आहे, म्हणजे तो उत्तरेला जाताना एकदा आपल्या डोक्यावरून जातो आणि 21 जूननंतर परत फिरतो तेव्हा एकदा, बास, वर्षातून दोनच दिवस. दिल्लीवाल्यांना हे कधीच दिसत नाही कारण दिल्ली त्या साडेतेवीसच्या पलीकडे. दुसरा दिवस आपल्याकडे 17 जुलैच्या आसपास येतो पण तेव्हा आभाळ, त्यामुळे मेचाच धरायचा. आणि बाराचं म्हणाल तर आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली, आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपली खरी मध्यान्ह थोडी उशिरा. नागपूरला त्या दिवशी 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास, बुलडाण्याला 12 वाजून 22 च्या आसपास.

आणि मग ते झालं. पाइपाच्या बाहेरची सावली आकसत आकसत बुडाशी गेली आणि आत वाकून बघितलं तर पोकळ पाइपाच्या तळाशी उजेडाची गोल टिकली पडलेली, पूर्ण गोल, कुठे काठाला अंधार नाही. लेकरं एकमेकांना ढकलून बघत होती. एक जण स्वतःच सरळ उभा राहून खाली बघत होता, म्हणे म्याडम माझी सावली माझ्याच पायाखाली हाये. दोन-चार मिनिटांत दुसऱ्या बाजूने सावली पुन्हा बाहेर यायला लागली. एवढंच असतं ते, पण ज्यांनी बघितलं ते विसरणार नाहीत.

एक हिशोब इथे सांगते, तो कामाचा आहे. या दिवसांत सूर्य रोज साधारण 0.2 अंश उत्तरेला सरकतो, म्हणजे फूटभर पाइप घेतला तर एक दिवस पुढेमागे झाला तरी सावलीत फरक पडतो जेमतेम एक मिलिमीटर. पण चार मिनिटं उशीर झाला तर तीच सावली जवळपास पाच मिलिमीटर होते. म्हणजे तारीख एखाद दिवसाने हुकली तरी चालतं, मिनिट हुकवू नका. पावणेबारापासूनच मांडून बसा.

हे जमवायला नागपूरला यावंच लागतं असंही नाही, प्रत्येक जिल्ह्याची तारीख वेगळी. दक्षिणेकडून सुरू होतं, चंद्रपूर 20 मेच्या आसपास, गडचिरोली 21, यवतमाळ 22, बुलडाणा 23, वर्धा आणि अकोला 23-24, अमरावती 25, नागपूर-भंडारा 26 आणि गोंदिया 28 ला. तुमच्या तालुक्याचं अक्षांश बघून एखाद दिवस मागेपुढे धरा. नागपूरला आधी नीट बघून, शिकून घेतलं की पुढच्या वर्षी शाळेच्या अंगणात आपलं आपण करता येतं, आम्ही तर ठरवूनच टाकलंय.

दुपारी आत गेलो, बाहेर थांबणं शक्यच नव्हतं. केंद्र 7 मार्च 1992 ला सुरू झालं आणि तारांगण 1997 ला. सर चंद्रशेखर वेंकट रमण यांच्या नावाचं, आणि हे फार जणांना माहीत नसतं की रमण 1910 मध्ये सरकारी वित्त खात्यातल्या नोकरीत नागपूरला बदली होऊन आले होते, पुढे 1911 ला कलकत्त्याला गेले. तो प्रसिद्ध शोध त्याच्या बऱ्याच नंतरचा, 28 फेब्रुवारी 1928 चा, आणि नोबेल 1930 ला. म्हणूनच 28 फेब्रुवारी हा विज्ञान दिन. लेकरांना मी एवढंच सांगितलं की द्रवातून उजेड गेला की त्यातला अगदी थोडा रंग बदलून बाहेर येतो, आणि रंग किती बदलला त्यावरून कळतं की ते रेणू कोणते आहेत.

आतली सगळी दालनं बघायची म्हटली तर दिवस पुरत नाही, आणि सगळं बघायचा हट्ट केला की लेकरं बटणं दाबत पळत सुटतात, हाती काही लागत नाही. मी त्यांना सांगितलं प्रत्येकाने एकच प्रयोग निवडायचा आणि तो घरी जाऊन आईला समजावून सांगता येईपर्यंत तिथून हलायचं नाही. हे करून बघा, फार उपयोग होतो. दोन पोट्टे समोरासमोर लांब ठेवलेल्या त्या वाकड्या तबकड्यांशीच तासभर चिकटले होते, एकीकडे हळू बोललं तरी दुसरीकडे कानात बोलल्यासारखं ऐकू येतं, गर्दीत सुद्धा. डायनासोरच्या पुतळ्यांपुढे फोटो झालेच. तिथे मी सांगितलं की आपल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला खऱ्या डायनासोरची हाडं दगड होऊन सापडलीत, तर कोणाला पटेना. आपल्या मातीतली गोष्ट आपल्या लेकरांना माहीत नसते हे मला फार लागतं.

तारांगणाचा शो मात्र चुकवू नका. शो वेगवेगळ्या भाषांत असतात, मराठीचा किती वाजता ते आल्या आल्या खिडकीवर विचारून तिकीट काढून ठेवा, बाकीचं वेळापत्रक त्याच्या भोवती बसवा. अंधार झाला, सप्तर्षी दाखवले, तशी आमची आजीबाई मोठ्याने म्हणाली, "हे तं खाटलं होय, अन् ते मागं तीन चोर." आख्ख्या घुमटात ऐकू गेलं आणि आजूबाजूचे लोक वळून कौतुकाने बघायला लागले. ध्रुवतारा बघून घेतला. आपल्याकडे तो क्षितिजापासून साधारण 21 अंशांवर असतो, म्हणजे जेवढं आपलं अक्षांश तेवढाच, हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ साधारण दहा अंश, म्हणून उत्तरेला क्षितिजावर दोन मुठी मोजा, तिथे ध्रुव. गावात अंधार असतो, हे रात्री खळ्यातून लगेच करता येतं.

काही सूचना सुटत होत्या त्या टाकते. शाळेच्या लेटरहेडवर मुलांची संख्या लिहून पत्र न्या, शाळेच्या गटाला तिकिटात सवलत असते, पण आधी फोन करून विचारून घ्या, कार्यक्रमाची वेळ पण तेव्हाच पक्की करा. सूर्याकडे थेट बघू नका हे लेकरांना गाडीतच बजावा, शून्य सावलीला वर बघायची गरजच नसते, सगळं खाली जमिनीवर दिसतं. प्रत्येकाला दुपट्टा, पाण्याची बाटली, मीठ-साखरेचं पाणी वेगळं. डबा घरूनच न्या, आम्ही भाकरी-झुणका आणि कच्चे कांदे नेले होते. परतीची एष्टी चार-साडेचारची धरली तर सात-साडेसातपर्यंत घरी.

मे महिना नको वाटत असेल तर 28 फेब्रुवारी आहे, तेव्हा हवा चांगली असते पण शाळांची गर्दी फार. 23 ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन, 2023 ला चांद्रयान-3 त्याच तारखेला चंद्रावर उतरलं, तेव्हा पोळ्याच्या आसपासचे दिवस असतात म्हणून शेतीची कामं बघून ठरवा.

आणि ज्यांना लेकरं घेऊन येणं खरंच जमत नाही त्यांच्यासाठी, रमण केंद्र ज्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचं आहे त्यांची विज्ञान प्रदर्शनाची बस असते, 1965 पासून देशात अशी फिरती प्रदर्शनं खेडोपाडी जातात, शाळेच्या मैदानात उभी राहते, मुलं हाताने प्रयोग करून बघतात. आपल्या गावात यावी असं वाटत असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीने केंद्राला पत्र द्या, आजूबाजूच्या चार-पाच गावांच्या शाळांची नावं आणि पटसंख्या एकत्र टाका, आणि बस उभी राहील एवढी जागा आणि वीज कुठे आहे ते त्यातच लिहा. आमचं पत्र आम्ही त्याच दिवशी तिथे हातोहात देऊन आलो.