बाटलीतला रंग मी तसाच का लावत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. घरी आलेल्यांनी टेबलावरच्या रंगाच्या बाटल्या आणि अर्धवट रंगवलेलं विमानाचं छोटं मॉडेल बघितलं की हा प्रश्न येतोच. गेल्या पोळ्याला भाच्याने विचारला, “मामा, बाटलीवर तर विमानाच्याच रंगाचं नाव हाये, मंग त्यात पांढरा कायले टाकता?”

मी त्याला गच्चीवर नेलं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, गच्चीवरून सगळी वावरं दिसतात. जवळच्या धुऱ्यावरचं कडुनिंबाचं झाड गर्द हिरवं. तीन वावरं पलीकडचं झाडही कडुनिंबाचंच, पण ते फिकं दिसतं, थोडं निळसर. पानं तीच, मधे हवा आली एवढंच.

माझ्या टेबलावर सध्या हॉकर हंटर या लढाऊ विमानाचं मॉडेल आहे. १९७१ साली लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाडे टिपले ते हेच विमान. खरं हंटर सुमारे १४ मीटर लांब. १:७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं केलं, की ते वीतभरसुद्धा भरत नाही. ते तुम्ही फूटभरावरून बघता तेव्हा खऱ्या विमानापासून ७२ फुटांवर उभे असल्यासारखे असता. पण मधे ७२ फुटांची हवा कुठे आहे? ती मी रंगात घालतो. बाटलीतला गडद रंग तसाच लावला तर मॉडेल खेळण्यासारखं काळपट दिसतं. रंगाचा नंबर अगदी बरोबर असला तरीही.

नंबर मी पाळतोच. हंटरच्या वरच्या अंगाचे दोन्ही रंग बीएस ३८१सी या रंगांच्या ब्रिटिश मानक यादीतले: डार्क सी ग्रे म्हणजे ६३८ आणि डार्क ग्रीन म्हणजे ६४१. सुरुवात तिथूनच करायची. राखाडीचे १७ थेंब, पांढऱ्याचे ३. या मापाला साधारण १५ टक्के, हा मॉडेल करणाऱ्यांचा जुना हिशेब. १:४८ ला त्याहून कमी. हिरव्यात मात्र मी पांढरा टाकत नाही, त्याने हिरवा दुधाळ होतो. तिथे फिकट पिवळसर मातकट रंग घालतो. लालमधे पांढरा टाकला तर तो गुलाबी होतो, म्हणून तिथे थोडा नारिंगी.

आता उजेडाचं. एकदा रात्री एलईडीच्या दिव्याखाली हिरवा इतका छान जुळवला की रात्रीच दोन्ही पंख रंगवून झोपलो. सकाळी अंगणात नेले तर एक पंख दुसऱ्या विमानाचा वाटावा! दोन पंख दोन वेगवेगळ्या वेळी कालवलेल्या रंगांनी रंगवले होते. दिव्याखाली ते रंग एकसारखे दिसत होते, उन्हात वेगळे. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनले असतील तर एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात नाही. सगळं खरवडून काढायला दोन दिवस गेले. तेव्हापासून रंग जुळवतो तो सकाळीच, उत्तरेच्या खिडकीशी. मे महिन्यात तर दुसरा इलाजही नाही, दुपारी रंग फवारायच्या एअरब्रशच्या तोंडाशीच रंग वाळतो.

ओल्या रंगावरून तर काहीच ठरवायचं नाही. अॅक्रिलिक बहुधा वाळल्यावर गडद होतं. मी प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीवर आधी विमानाला लावला तोच प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारतो, त्यावर रंगाचा पट्टा ओढतो आणि पूर्ण वाळू देतो. मग वरून मॅट वार्निश, कारण चकाकी गेली की तोच रंग फिका दिसतो. शेवटी पांढऱ्या कागदाला दोन भोकं पाडायची. एकातून चमचा, दुसऱ्यातून विमान. आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून डोळा फसत नाही.

खऱ्या विमानाच्या फोटोवरून जुळवा असं पुष्कळ जण सुचवतात. मी फोटो बघतो तो पट्ट्यांच्या कडा आणि उडालेला रंग समजायला. रंगछटेसाठी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. जुन्या फिल्मचा रंग उतरतो आणि मोबाइल आपल्या मनाने पांढरा ठरवतो.

त्या दिवशी गच्चीवरून उतरल्यावर भाच्याला तो कागद दिला. त्याने खिडकीशी उभं राहून दोन्ही भोकांतून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “मामा, अजून एक थेंब लागते.”

मी बघितलं. लागत होता.